कासाब्लांकातील कोशर जेवण

प्रश्न : आम्ही पती-पत्नी लवकरच मोरोक्कोला जात आहोत. कासाब्लांकातील आमच्या ज्यू स्नेह्यांनी आम्हांला एका कोशर मोरोक्कन रेस्टॉरंटमध्ये जेवायला बोलावले आहे. मी मांसाहारी आहे, पत्नी शाकाहारी. दोघांनाही जेवणात दही लागते. तेथे काय मागवावे आणि कोणते नियम पाळावेत?
– एक वाचक, पुणे

उत्तर : ते रेस्टॉरंट मांसाचे आहे की दुधाचे, हे आपल्या स्नेह्यांना आधी विचारून घ्या. कोशर म्हणजे ज्यू धर्मनियमांत बसणारे अन्न. या नियमांनुसार मांस आणि दुग्धजन्य पदार्थ एकत्र शिजवत नाहीत, एका जेवणात खात नाहीत आणि दोहोंची भांडीही वेगळी ठेवतात. त्यामुळे एका कोशर स्वयंपाकघरात सहसा या दोहोंपैकी एकच प्रकार रांधला जातो. मोरोक्कन पद्धतीचे रेस्टॉरंट बहुधा मांसाचे असते. तेथे दही मिळणार नाही, आणि कृपया ते सोबतही नेऊ नका, कारण बाहेरचे अन्न आत आणणे तेथील शिस्तीत बसत नाही.

या नियमामुळे मोरोक्कोतील ज्यू स्वयंपाकाला स्वतःची चव आली आहे. त्यांचे मुस्लिम शेजारी कुसकुसमध्ये, म्हणजे रव्याच्या वाफवलेल्या बारीक दाण्यांमध्ये, स्मेन, म्हणजे खारवून मुरवलेले लोणी, घालतात. ज्यू घरांत मांसाबरोबर तेल वापरतात. पास्तिला, म्हणजे मांसाचे सारण आणि बदाम-दालचिनी भरलेला पापुद्र्यांचा पदार्थ, याचे पापुद्रेही लोण्याऐवजी तेलातच होतात. आपल्या कोकणातील बेने इस्राएल ज्यू कुटुंबांनीही मांसाच्या रश्शात दह्यादुधाऐवजी नारळाचे दूध घालून हाच नियम पाळला आहे. कोशर मांस पाण्यात भिजवून, मीठ लावून तासभर निथळत ठेवतात आणि मग धुतात, जेणेकरून त्यातील रक्त निघून जावे.

मोरोक्कन ज्यूंचा खरा मानाचा पदार्थ दफिना. शब्बाथच्या, म्हणजे ज्यूंच्या आठवड्याच्या विश्रांतीच्या दिवशी चूल पेटवायची नाही, म्हणून मांस, छोले, बटाटे, गहू आणि कवचासकट अंडी हे सारे शुक्रवारी सूर्यास्तापूर्वी एका भांड्यात चढवून मंद आचेवर रात्रभर ठेवायचे, आणि शनिवारी दुपारी उघडायचे. पूर्वी ही भांडी मोहल्ल्यातील सार्वजनिक भट्टीत नेऊन ठेवत. अंड्यांना तपकिरी रंग चढतो, बटाटे रसाने माखून गडद होतात. मात्र ज्या दिवशी दफिना खातात, त्या दिवशी कोशर रेस्टॉरंट बंद असते. शुक्रवारच्या सूर्यास्तापासून शनिवारची रात्र पडेपर्यंत तेथे जाण्याचा बेत करू नका. स्नेह्यांनी शनिवारी घरी जेवायला बोलावले, तर ते निमंत्रण रेस्टॉरंटपेक्षाही मोलाचे समजा. तेथे फक्त शब्बाथ म्हणून मोबाइल आणि कॅमेरा बाजूला ठेवावा. 1948च्या सुमारास मोरोक्कोत अडीच लाखांच्या आसपास ज्यू होते, आज काही हजारच उरले आहेत. त्यांच्या घरची दफिना त्यांच्याच देशात बसून खायला मिळणे ही दुर्मीळ संधी आहे.

आपल्या पत्नीसाठी जेवणाच्या सुरुवातीला येणारी सॅलड्स उत्तम : जिरे घातलेले गाजर, बीट, वांग्याचे झालूक, टोमॅटो आणि भाजलेल्या मिरच्या आटवून केलेली मतबुखा. एवढ्यावरही पोट भरते. भाज्यांचे कुसकुस मात्र विचारल्याशिवाय मागवू नये, कारण त्या भाज्या पुष्कळदा मांसाच्या रश्शात शिजलेल्या असतात. दुधाच्या कोशर रेस्टॉरंटमध्ये ही अडचण नाही. तेथे स्वयंपाकघरात मांस येतच नाही. मासे आणि अंडी मात्र तेथेही चालतात, कारण धर्मनियमांनुसार ती ना मांसात मोडतात ना दुधात.

शेवटी पुदिन्याचा गोड, बिनदुधाचा चहा येईल. मद्य घेत असाल तर माहिया विचारून पाहा. अंजिरांपासून गाळलेले हे मद्य पूर्वी मोरोक्कोतील ज्यू घराघरांत करीत.