बॅनरवरचं ‘मेजर’ तपासा, पण ‘आचारी होता’ म्हणून हसू नका

तुमचा प्रश्न थोडक्यात असा आहे. लातूर जिल्ह्यातल्या तुमच्या मतदारसंघात विधानसभेला उभे असलेले एक माजी सैनिक बॅनरवर नावाआधी ‘मेजर’ आणि नावाखाली ‘कारगिल योद्धा’ छापायलेत. समोरचा गट म्हणतोय की हा माणूस फौजेत आचारी होता आणि मुदत संपायच्या आधी पळून आला. पुरावा म्हणून व्हॉट्सॲपवर एका पानाचा फोटो फिरवायलेत. तुम्ही विचारताय, खरं कसं काढायचं आणि मत देताना याला किती किंमत द्यायची.

मी बीड जिल्ह्यातला. तोफखान्यात १८ वर्षं नोकरी करून हवालदार म्हणून घरी आलो. आमच्या तालुक्यातले माजी सैनिक पेन्शनचे, घरपट्टी माफीचे कागद घेऊन माझ्याकडं येतात, त्यामुळं डिस्चार्ज बुकं, म्हणजे फौज सोडताना मिळणारी नोकरीच्या नोंदीची पुस्तकं, पुष्कळ वाचली आहेत. दोन्ही गट थोडे थोडे चुकायलेत असं मला वाटतं, म्हणून सविस्तर लिहितो.

आधी ‘मेजर’. आपल्याकडं फौजी सुट्टीवर येऊन फाट्यावर एसटीतून उतरला की तिथनंच तो ‘मेजर’ होतो. मग तो शिपाई असो की नाईक. मलाही गाव मेजरच म्हणतं. चहाच्या हॉटेलात ते प्रेमानं म्हटलेलं असतं, त्यात फसवणूक नाही. पण मत मागायच्या बॅनरवर छापलं की तो दावा होतो. मेजर हा अधिकाऱ्याचा हुद्दा आहे : लेफ्टनंट, कॅप्टन आणि मग मेजर. जवान म्हणून भरती झालेला माणूस नाईक, हवालदार, नायब सुभेदार, सुभेदार, सुभेदार मेजर असा वर जातो. सुभेदार मेजर वेगळा आणि मेजर वेगळा. काही जेसीओंना (नायब सुभेदार ते सुभेदार मेजर या हुद्द्यांना) २६ जानेवारीला किंवा १५ ऑगस्टला मानद लेफ्टनंट, मानद कॅप्टन हा हुद्दा मिळतो. तो मोठा मान आहे, फक्त ‘मानद’ हा शब्द गाळायचा नसतो. तुमचे उमेदवार हवालदार म्हणून आले असतील तर त्यांनी हवालदार छापावं. हवालदार होणं काही सोपं नाही, त्यात लपवण्यासारखं काय आहे?

हुद्द्यावरून भांडणं जगभर होतात. अमेरिकेत २०२४ ला उपाध्यक्षपदाचे उमेदवार टिम वॉल्झ यांच्यावर हाच वाद झाला. त्यांनी नॅशनल गार्ड या तिथल्या राखीव सैन्यात २४ वर्षं काढली. कमांड सार्जंट मेजर या हुद्द्यावर काम केलं, पण त्या हुद्द्याचा अभ्यासक्रम पूर्ण न झाल्यानं निवृत्तीचा हुद्दा एक पायरी खालचा लागला. प्रचाराच्या संकेतस्थळावर ‘निवृत्त कमांड सार्जंट मेजर’ असं होतं, ते बदलून ‘त्या हुद्द्यावर सेवा केली’ असं करावं लागलं. टीका करणारे समोरच्या पक्षाचे उमेदवार जे. डी. व्हान्स स्वतः मरीन कोअरमध्ये चार वर्षं होते आणि इराकला जाऊन आले होते. दोघांचीही नोकरी खरी होती. वाद शब्दांचा होता आणि शब्द दुरुस्त करणं बरोबरच होतं.

आता ‘कारगिल योद्धा’. इथं मला माझी गोष्ट सांगावी लागेल.

१९९९ च्या मे ते जुलैत कारगिलला लढाई चालू असताना पश्चिमेची पूर्ण सरहद्द जागी होती. आमची रेजिमेंट राजस्थानात जैसलमेरच्या बाजूला तोफा लावून बसली होती. वाळू इतकी तापायची की तोफेला हात लावता यायचा नाही. हुकूम कधी येईल सांगता येत नव्हतं. तो आलाच नाही. नंतर मला ऑप विजय मेडल मिळालं (ऑपरेशन विजय हे कारगिलच्या मोहिमेचं नाव). २००० च्या जानेवारीत सुट्टीवर आलो तर शाळेतल्या झेंडावंदनाला गुरुजींनी माइकवरून ‘कारगिलहून लढून आलेले आपले सुपुत्र’ असं सांगून शाल घातली. मी काहीच बोललो नाही. पोरं टाळ्या वाजवत होती, बोलायचं धाडस झालं नाही. घरी आल्यावर वडिलांनी विचारलं, “तू व्हतास का तिथं?” मी म्हटलं, न्हाय, जैसलमेरला होतो. त्यांनी शालीकडं बघितलं आणि म्हणाले, “मग उद्या गुरुजीला सांगून ये. जी लेकरं तिथं गेली, त्यांच्या वाटचं हाय ते.” दुसऱ्या दिवशी मी शाळेत जाऊन सांगितलं. गुरुजींनी परिपाठात पोरांना दुरुस्त करून सांगितलं. कारगिलमध्ये ५२७ जवान शहीद झाले. वडिलांचं ते वाक्य मला आजही आठवतं.

म्हणून तपासायचं कसं ते सांगतो. कारगिलसाठी दोन वेगवेगळी पदकं आहेत. प्रत्यक्ष त्या रणक्षेत्रात असलेल्यांना ऑप विजय स्टार. त्या काळात सरहद्दीवर मोठ्या पट्ट्यात तैनात असलेल्यांना ऑप विजय मेडल. १९७१ लाही असंच होतं : रणक्षेत्रातल्यांना पूर्वी स्टार किंवा पश्चिमी स्टार, आणि व्यापक तैनातीसाठी संग्राम मेडल. छातीवर पाच-सहा पदकं दिसली म्हणजे तेवढी शौर्यपदकं असतात असं नाही. नऊ वर्षांच्या, वीस वर्षांच्या सेवेचं पदक असतं, स्वातंत्र्याच्या पन्नास वर्षांचं असतं. ती सगळी मानाचीच आहेत, पण सेना मेडलसारखं शौर्याचं पदक वेगळं. डिस्चार्ज बुकात पदकांची नोंद असते. तिथं ‘स्टार’ आहे का ‘मेडल’, एवढं बघितलं तरी अर्धा वाद मिटतो.

‘आचारी होता’ हे मात्र मला सगळ्यात जास्त लागलं.

फौजेत ट्रेड, म्हणजे कुठलं काम करायचं ते, जवान स्वतः ठरवत नाही. भरतीच्या वेळी जागा कुठली निघाली, शिक्षण किती, परीक्षेत काय आलं, यावरून ठरतं. कोण तोफेवर, कोण वायरलेसवर, कोण गाडीवर, कोण लंगरवर, म्हणजे स्वयंपाकावर. नेमणूकही तो निवडत नाही. एकाच भरतीतून गेलेल्या दोन पोरांपैकी एक द्रासला, लढाईच्या तोंडावर, आणि एक मागं डेपोत जातो, यात पहिल्याची मर्दुमकी नाही आणि दुसऱ्याची कसूर नाही. कारगिलच्या डोंगरांवर तोफखान्यानं सुमारे २,५०,००० गोळे, बॉम्ब आणि रॉकेटं डागली. ते गोळे खालून तोफेपर्यंत कुणीतरी ट्रकनं आणले. चढावर दारूगोळा आणि जेवण माणसांच्या पाठीवर, खेचरांवर रात्रीच्या अंधारात गेलं, कारण दिवसा वरून दिसायचं. त्या वाटेवर पडणारा गोळा ट्रेड विचारून पडत नव्हता. जैसलमेरला आमच्या लंगरचा जवान पहाटे तीनला उठून उघड्या वाळूत भट्टी पेटवायचा. पुरीत वाळू येऊ नये म्हणून परातीवर ताडपत्री धरून बसायचा. त्याच्याशिवाय आमची एकही तोफ उभी राहिली नसती. तेव्हा त्या गटाला विचारा, आचारी असणं हा आरोप कसा काय झाला? आरोप करायचा तर एवढाच करता येतो की जो नव्हता तो हुद्दा छापला.

‘पळून आला’ हा शब्द तर फार जपून वापरायचा असतो. सैन्यातून पळून जाणं हा आर्मी ॲक्ट १९५० च्या कलम ३८ खाली गुन्हा आहे. जवान सुट्टीवरून परतला नाही की युनिट त्याच्या जिल्ह्याच्या पोलिसांना कळवतं. तीस दिवस झाले की कोर्ट ऑफ इन्क्वायरी, म्हणजे फौजेची चौकशी बसते. पोलीस गावात येतात, सरपंचाला, पोलीस पाटलाला विचारतात. एवढं घडलं असतं तर ते आख्ख्या गावाला माहीत असतं. पेन्शनला १५ वर्षं पुरी व्हावी लागतात. त्याआधी घरी आलेला प्रत्येक माणूस पळपुटा नसतो. घरी म्हातारे आई-बाप, शेतीला कुणी नाही, म्हणून अर्ज करून आलेले आपल्या भागात भरपूर आहेत. कुणी ‘लो मेडिकल कॅटेगरी’, म्हणजे तब्येत पूर्ण तंदुरुस्त नाही, म्हणून येतो, आणि ती कॅटेगरी कधीकधी सरहद्दीवरच्या जखमेनं लागलेली असते. आता हेही खरं की शिस्तभंगाच्या लाल शाईच्या नोंदी साठल्यावर ‘सर्व्हिस नो लाँगर रिक्वायर्ड’ (यापुढं नोकरीची गरज नाही) असा शेरा मारूनही घरी पाठवतात. तो शेरा असेल तर मतदारानं विचारलंच पाहिजे, आणि उमेदवारानं उत्तर दिलं पाहिजे.

तुम्ही म्हणता व्हॉट्सॲपवरच्या फोटोत हाच शेरा आहे. त्या पानावर नाव दिसतं का? आर्मी नंबर दिसतो का? रेकॉर्ड ऑफिसचा शिक्का? तुमच्या वर्णनावरून यातलं काहीच नाही. मग ते पुढं पाठवू नका. २००४ साली अमेरिकेत अध्यक्ष बुश यांच्या नॅशनल गार्डच्या नोकरीबद्दल सीबीएससारख्या मोठ्या वाहिनीनं ८ सप्टेंबरला कागद दाखवले. कागद सत्तरच्या दशकातले म्हणे, पण अक्षरं आजच्या संगणकासारखी. बारा दिवसांनी वाहिनीला सांगावं लागलं की या कागदांची खात्री आम्ही देऊ शकत नाही. त्यांच्याकडं तज्ज्ञ होते तरी हे झालं. आपल्याकडं तर मोबाइलवर पाच मिनिटांत पान तयार होतं. शिवाय उमेदवाराच्या चारित्र्याबद्दल खोटं आहे हे माहीत असून समोरच्या उमेदवारानं किंवा त्याच्या संमतीनं कुणी पसरवलं, तर लोकप्रतिनिधी कायदा १९५१ च्या कलम १२३(४) खाली तो भ्रष्ट आचार ठरतो, निवडणूक रद्द होऊ शकते. भारतीय न्याय संहितेच्या कलम १७५ खालीही गुन्हा आहे.

खरा कागद कुठून मिळणार? माहिती अधिकारात मागवू म्हणाल तर बहुतेक नकारच येईल. सैन्य माहिती अधिकाराच्या कक्षेबाहेर नाही, पण नोकरीची फाइल ही वैयक्तिक माहिती मानली जाते, सर्वोच्च न्यायालयानं २०१२ ला तसंच धरलं आहे. त्यापेक्षा निवडणूक आयोगाच्या संकेतस्थळावर उमेदवाराचं नमुना २६ चं शपथपत्र वाचा. त्यात फौजी नोकरीचा वेगळा रकाना नाही, पण उत्पन्नाचं साधन लिहावं लागतं. तिथं सैन्याची पेन्शन लिहिली असेल तर ‘पळून आला’ हा आरोप तिथंच पडतो. नसेल तर त्यावरून लगेच काही सिद्ध होत नाही, वर लिहिलंच आहे. बडतर्फीचा विषय मात्र कायद्यात गंभीर आहे. भ्रष्टाचार किंवा देशाशी बेइमानी या कारणानं सरकारी नोकरीतून बडतर्फ झालेल्याला पाच वर्षं निवडणूक लढवता येत नाही. २०१९ ला वाराणसीत सीमा सुरक्षा दलातून बडतर्फ झालेले तेज बहादूर यादव यांचा अर्ज याच मुद्द्यावर, म्हणजे तसं कारण नव्हतं हे आयोगाचं प्रमाणपत्र जोडलं नाही म्हणून, बाद झाला, आणि २०२० ला सर्वोच्च न्यायालयानंही त्यांची याचिका फेटाळली.

सगळ्यात सरळ मार्ग म्हणजे उमेदवारालाच मागणं. डिस्चार्ज बुक प्रत्येक माजी सैनिकाच्या घरी असतं, बहुधा बायकोच्या पेटीत, सोन्याच्या पावतीशेजारी. ज्यानं स्वतःहून छापलं त्यानं दाखवायला काय हरकत आहे? ज्यानं नोकरीचा उल्लेखच केला नाही त्याच्याकडं मात्र मी पुस्तक मागणार नाही.

मी एवढा आग्रह धरतो त्याला आमच्या जिल्ह्याचं एक दुखणं कारण आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामातले बोगस स्वातंत्र्यसैनिक बीडमध्ये सापडले, न्यायमूर्ती पालकरांनी चौकशी केली, प्रकरण सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेलं. ज्या म्हाताऱ्यांनी खरंच रझाकारांच्या काळात रानात रात्री काढल्या, त्यांच्याकडंही पुढं लोक संशयानं बघायला लागले. खोट्याची शिक्षा खऱ्यांना झाली. फौजेच्या बाबतीत तसं होऊ नये असं मला मनापासून वाटतं.

राहिला मताचा प्रश्न. सतरा-अठरा वर्षांची चांगली नोकरी माणसाबद्दल काही सांगते : हुकूम पाळला, अडचणीत टिकला, घरापासून लांब राहिला. पण विधानसभेत जाऊन मांजरा धरणाच्या पाण्याचा, पीकविम्याचा प्रश्न लावून धरणं हे वेगळं काम आहे आणि ते फौजेत शिकवत नाहीत. २०१६ च्या उन्हाळ्यात लातूरला मिरजेहून रेल्वेनं पाणी आलं. तेव्हा हे गृहस्थ निवृत्त होऊन गावात असतील तर काय करत होते, हे विचारा. माझ्या लेखी त्या उत्तराचं वजन १९९९ पेक्षा जास्त आहे.

आता करायचं काय? गावातले दोन माजी सैनिक सोबत घ्या, एक या गटाचा, एक त्या गटाचा. उमेदवाराच्या घरी दिवसा जा, मोबाइल खिशात ठेवा, बाहेरच चप्पल काढून अदबीनं बसा. म्हणा, साहेब, बॅनरवर जे छापलंय ते आम्हाला पुस्तकात बघायचंय. हुद्दा, भरतीची तारीख, डिस्चार्जची तारीख, डिस्चार्जचं कारण, चारित्र्याचा शेरा, पदकं. हे सहा रकाने बघा आणि पुस्तक परत द्या, फोटो काढू नका. हुद्दा खोटा निघाला तर बॅनर उतरवायला सांगा. आणि ट्रेड ‘कुक’ निघून पदकांत ऑप विजय स्टार दिसला, तर ज्या चौकात ‘आचारी’ म्हणून हसले त्याच चौकात उभं राहून, दोन्ही गटांच्या लोकांसमोर, ती नोंद सांगा.