‘पम्प्ड अप किक्स’वर नाचणाऱ्यांना त्याचे शब्द कळत नव्हते का?

तुम्ही विचारलंय की ‘पम्प्ड अप किक्स’ हे अमेरिकी बँड ‘फॉस्टर द पीपल’चं, बापाच्या कपाटात बंदूक सापडलेल्या एका पोराचं गाणं जगभर नाचायचं गाणं कसं झालं, शब्द कुणाला कळलेच नाहीत का? जगाचं राहू द्या, नागपुरातल्या आम्हा चौघांना तरी नव्हते कळले. आणि आम्ही ते गात होतो!

२०१२ च्या कॉलेज गॅदरिंगला आम्ही ते वाजवलं. निवडायचं कारण एकच, अख्ख्या गाण्यात चार कॉर्ड गोल गोल फिरतात आणि खालून बेस तोच ठेका धरून चालतो. आमच्या लायकीचं होतं. पंचाईत झाली शेवटच्या शिट्टीची. गायकाचे ओठ असे सुकले की माइकमध्ये नुसती फुंकर. तेव्हा मागच्या रांगेतल्या पोट्ट्यांनी शिट्टी उचलली, आणि पुढचा मिनिटभर आम्ही साथीला उरलो. त्यातल्या बऱ्याच जणांनी मूळ गाणं ऐकलंच नव्हतं. मार्कीस स्कॉट या अमेरिकी डान्सरचा या गाण्याच्या रिमिक्सवरचा डान्स यूट्यूबवर पाहून पाहून सूर पाठ झाला होता.

दुसऱ्या दिवशी तर्री पोह्याच्या ठेल्यावर गिटारिस्टची ताई भेटली. ती शाळेत इंग्रजी शिकवायची. “काय रे, काल तुम्ही काय गाऊन राहिले होते, समजते तरी का?” आमचा ड्रमर म्हणाला, “फुटबॉलचं आहे न ताई, किक्स.” तिने कपाळावर हात मारला. किक्स म्हणजे बूट. भारी बूट घालून मिरवणाऱ्या पोरांना तो बंदूकवाला पोरगा दम देतोय, पळा, माझ्या गोळीपेक्षा जोरात पळा. पोह्यांवरची तर्री थिजेपर्यंत कोणी चमचा उचलला नाही.

यात आमचा अडाणीपणा होताच, पण गाण्याची बांधणीही तशीच आहे. कडव्यांमध्ये आवाज जुन्या लँडलाइनवरून आल्यासारखा घुसमटलेला. उशिरा घरी येणारा बाप, बर्फात ठेवलेलं जेवण, हे सगळं तिथे दबून जातं. धृपद मात्र स्वच्छ, लगेच तोंडी बसणारं. गाणं लिहिणारा आणि गाणारा मार्क फॉस्टर तेव्हा लॉस एंजेलिसमध्ये जाहिरातींच्या जिंगल करायचा, म्हणजे चाल डोक्यात अडकवणं हा त्याचा धंदाच. सगळी वाद्यं त्याने एकट्याने वाजवली, २०१० मध्ये गाणं फुकट डाउनलोडला ठेवलं, आणि त्याच्या जोरावर ‘फॉस्टर द पीपल’ या नवख्या बँडला मोठी रेकॉर्ड कंपनी मिळाली. २०११ मध्ये बिलबोर्ड या अमेरिकेतल्या गाण्यांच्या क्रमवारीत ते सलग आठ आठवडे तिसऱ्या नंबरवर अडून बसलं होतं, वर अडेल आणि मरून फाइव्ह यांची गाणी. ग्रॅमीचं नामांकनही आलं.

शब्द कळल्यावर मात्र कुरबुर झालीच. एमटीव्हीने बंदूक आणि गोळी हे शब्द गाळून गाणं दाखवलं. बँडच्या बेसिस्टची चुलत बहीण १९९९ च्या कोलंबाइन शाळेतल्या गोळीबारातून वाचलेली, त्यामुळे थिल्लरपणाचा आरोप मला तरी पटत नाही. पण अमेरिकेत असे गोळीबार थांबेनात, तेव्हा २०१९ मध्ये खुद्द फॉस्टरच म्हणाला की हे गाणं बंद करावं असं मनात येतंय.

तरी भयाच्या गोष्टीवर नाचणं आपल्याला परकं कुठे आहे? तान्ह्या पोळ्याला नागपूरच्या इतवारीत येऊन बघा, मारबत नावाच्या मोठ्या पुतळ्याची मिरवणूक निघते. रोगराई, इडापिडा घेऊन जा गे मारबत म्हणत अख्खं शहर ढोलावर नाचतं. फरक एवढाच की तिथे काय ओरडतोय हे प्रत्येकाला माहीत असतं, आणि शेवटी ती मारबत जाळतात.

आम्ही त्यानंतर ते दोनदा वाजवलं, ताईच्या हुकमाने शब्द वगळून. शिट्टी आता माझ्याकडे आहे. आधी अर्धी बाटली पाणी पितो.