भांड्यांचं विणलेलं फडकं: सूत, वीण आणि रंग

तुमच्या तीन तक्रारी आहेत. घरातल्या उरलेल्या लोकरीचं विणलेलं फडकं पाणी टिपत नाही, सुती विणलं तर ते दोन धुण्यांत लांबुडकं झालं, आणि लाल पट्टा पांढऱ्यात उतरला. शिवाय रंगीबेरंगी फडकं सोप्या रीतीने कसं विणायचं तेही हवंय. रंगाचं शेवटी सांगते. सुताची निवड चुकली तर कितीही सुंदर रंग लावा, ते फडकं शोभेचंच राहतं.

लोकर म्हणून जे विकलं जातं ते बऱ्याचदा ॲक्रिलिक असतं. तो प्लॅस्टिकचाच भाऊबंद, त्यामुळे पाणी तंतूत न शिरता वरच्यावर हिंडतं, आणि गरम तव्याखाली धरलं तर वितळायची भीती. खरी लोकर गरम पाण्यात चोळली की आटून घट्ट नमद्यासारखी होते. ‘बांबू’ लिहिलेलं सूत हाताला रेशमी लागतं, पण ते बहुतेक वेळा व्हिस्कोज, म्हणजे झाडाच्या लगद्यापासून रसायनांनी बनवलेला तंतू असतं आणि व्हिस्कोज ओलं झालं की खूपच कमजोर होतं. कापसाचं उलट आहे. ओला कापूस कोरड्यापेक्षा जास्त ताण सोसतो. रोज पिळल्या जाणाऱ्या वस्तूला याहून चांगला गुण कोणता?

कापसातही चकाकणारा टाळा. ती चमक कॉस्टिक सोड्याच्या प्रक्रियेने येते. जॉन मर्सर या इंग्रज रसायनतज्ज्ञाने 1850 साली तिचं पेटंट घेतलं, म्हणून वेष्टनावर ‘मर्सराइज्ड’ लिहिलेलं असतं. झालर, पिशवी, रुमाल यांना ते सूत उत्तम. फडक्याला मात्र चमक नसलेला, थोडा केसाळ, जाडसर दोरा घ्या, 50 ग्रॅमला साधारण 80 मीटर भरेल असा. एका फडक्याला 40 ग्रॅमच्या आसपास लागतो.

आता लांबुडकं होण्याबद्दल. लोकरीला स्वतःची लवचीकता असते, ताणली तरी ती परत जागेवर येते. कापूस येत नाही. टाके सैल असतील तर ओल्या फडक्याचं वजनच त्यांना खाली ओढतं, त्यात तुम्ही ते एका कोपऱ्याला धरून टांगत असाल तर विचारायलाच नको. वेष्टनावर 5 मिलिमीटरची सुई सांगितली असेल तर 4 किंवा 4.5 ची घ्या. विणताना कापूस हाताला कडक लागतो आणि मनगट भरून येतं, तेव्हा एका बैठकीत फडकं संपवायचा हट्ट नको. सुया कसल्या हा ज्याच्या त्याच्या हाताचा प्रश्न आहे. मला या खरखरीत सुतासाठी गुळगुळीत धातूच्याच आवडतात, लाकडीवर दोरा अडखळतो.

वीण साधी ठेवा. सगळ्या ओळी सुलट (दोरा मागे ठेवून घातलेला साधा टाका) विणल्या की दोन्ही बाजूंना सारखे आडवे उंचवटे येतात, काठ वळत नाही आणि त्या उंचवट्यांनी भांडं घासलंही जातं. एक ओळ सुलट, एक उलट अशी वीण मोज्या-स्वेटरांना ठीक, फडक्यात ती चारी बाजूंनी गुंडाळून बसते. चौकोनासाठी 40 टाके घाला आणि 40 उंचवटे, म्हणजे 80 ओळी झाल्या की बंद करा. बंद करताना हात सैल सोडा, नाहीतर वरचा काठ चुणीदार होईल.

नवशिक्यांना मी मात्र तिरकं फडकंच सुचवते. चार टाके घालून एक ओळ सुलट विणा. मग प्रत्येक ओळीत दोन सुलट, सुईवर दोऱ्याचा एक वेढा, पुढे शेवटपर्यंत सुलट. ओळीगणिक एक टाका वाढतो आणि काठाला आपोआप जाळी पडते. साधारण 45 टाके झाले की उलटा प्रवास: एक सुलट, दोन टाके एकत्र, एक वेढा, पुन्हा दोन एकत्र, बाकी सुलट. शेवटी चार उरले की बंद. यात टाके मोजायचं फारसं काम नाही, आणि उरलेसुरले गुंडे खपवायला याहून सोयीचं काही नाही. गुंडा स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ठेवा, निम्म्याला जरा कमी खर्च झाला की टाके घटवायला लागा. दोरा मध्येच संपत नाही.

रंगांसाठी दोन-दोन ओळींचे पट्टे सगळ्यात सोपे. नवा रंग नेहमी एकाच बाजूने सुरू करा, म्हणजे त्या बाजूला रेघ स्वच्छ येते आणि दोन रंग मिसळल्याचे ठिपके मागे जातात. दोन किंवा तीन रंग असतील तर दोरा कापू नका, काठाकाठाने वर न्या, फक्त ओढून धरू नका. एकाच ओळीत दोन रंग घेऊन मागे आडवे धागे सोडायची जी पद्धत स्वेटरात चालते, ती इथे अजिबात नको. त्या धाग्यांत काट्याचे दात अडकतात.

नक्षी हवीच असेल तर टाका न विणता उचलून घ्यायची युक्ती वापरा. टाके विषम संख्येत घ्या. निळ्याने दोन ओळी सुलट. मग पिवळ्याने एक टाका सुलट, एक निळा टाका न विणता दुसऱ्या सुईवर, दोरा मागे. असं शेवटपर्यंत, शेवटचा टाका सुलट. परतताना तेच निळे टाके पुन्हा न विणता घ्या, पण आता दोरा पुढे, तुमच्याकडे. पुन्हा निळ्याच्या दोन ओळी, आणि पुढच्या पिवळ्या वेळी सुरुवात दोन सुलटने करून उचलायचे टाके एकाने सरकवा, ओळ संपतानाही दोन सुलट. बघणाऱ्याला वाटतं फार कसब लागलं, प्रत्यक्षात एका ओळीत एकच रंग हातात असतो. ही वीण घट्ट होते, म्हणून हिच्यापुरती सुई अर्ध्या मिलिमीटरने मोठी घ्या. जाडही होते आणि वाळायला वेळ घेते, त्यामुळे पावसाळी हवेत साधे पट्टेच बरे.

टोकं खोचण्यात बहुतेकांची फडकी उसवतात. लोकरीच्या तंतूवर बारीक खवले असतात, ते एकमेकांना धरून ठेवतात. कापूस गुळगुळीत, तो हळूच निसटतो. टोक 15 सेंटिमीटर तरी सोडा. बोथट सुईत ओवून त्याच रंगाच्या उंचवट्यांमधून टाक्याच्या वळणावळणाने चार-पाच सेंटिमीटर न्या, मग दिशा बदलून परत या, आणि परतताना सुई दोऱ्याच्या पदरांच्या मधून टोचा. उरलेलं टोक लगेच कापू नका. पहिल्या धुण्यात फडकं आटतं आणि टोक आत ओढलं जातं, ते झाल्यावर कापा. गाठी नकोत, भांड्याला टोचतात.

लाल, गडद निळा, काळा हे रंग विणण्याआधी तपासा. वीतभर दोरा गरम साबणाच्या पाण्यात भिजवून पांढऱ्या सुती चिंधीत दाबून ठेवा. चिंधीवर डाग आला तर अख्खी लडी पाणी स्वच्छ येईपर्यंत धुऊन घ्या. व्हिनेगर किंवा मिठाने रंग पक्का होतो हे सर्रास सांगितलं जातं, सुती कपड्याच्या बाबतीत त्याचा उपयोग नाही. तुमचं रंग उतरलेलं फडकं मात्र फेकू नका, ते ओटा पुसायला घ्या.

वापरात रोज बदला, कारण दिवसभर ओलं राहिलेलं फडकं जंतूंचं माहेरघर. 60 अंशांच्या पाण्यात धुतलं तर उत्तम. कपडे मऊ करणारं कंडिशनर यात घालू नका, त्याचा थर तंतूंवर बसतो आणि फडकं पुन्हा पाणी टिपेनासं होतं. वाळत घालताना दांडीवर मध्यावर दुमडून टाका.