एमआरआय असताना क्लिनिकल न्यूरोसायकॉलॉजिस्ट कशाला हवा?

मेंदूचा एमआरआय काढता येत असताना न्यूरोसायकॉलॉजिस्ट, म्हणजे चाचण्या घेऊन स्मरणशक्ती, भाषा वगैरे तपासणारा मानसशास्त्रज्ञ, कशाला, आणि त्यासाठी शिकावं किती लागतं, असं तुम्ही विचारलंय. मी हेच काम करते.

एमआरआयमध्ये मेंदूची रचना दिसते. तो माणूस हिशेब ठेवू शकेल का, गाडी चालवू शकेल का, हे त्यात दिसत नाही. डोक्याला मार लागल्यावर कधी कधी स्कॅन अगदी नॉर्मल येतो, पण माणसाला साधा निरोप लक्षात राहत नाही.

आमची तपासणी तीन-चार तास सहज चालते. त्यातली एक चाचणी सांगते. १५ शब्दांची यादी ५ वेळा वाचून दाखवायची, दर वेळी आठवतील ते शब्द विचारायचे. मग मध्ये दुसरीच यादी, आणि साधारण अर्ध्या तासाने पुन्हा पहिली. समजा, दोघांना तीन-तीनच शब्द आठवले. आकडा सारखाच. आता मी एकेक शब्द वाचून विचारते, "हा यादीत होता का?" पहिला बहुतेक सगळे बरोबर ओळखतो. म्हणजे शब्द साठलेत, वेळेवर बाहेर येत नाहीत. नैराश्यात असं दिसू शकतं. दुसरा यादीत नसलेल्या शब्दांनाही "हो, हो" म्हणत सुटतो. तिथे अल्झायमरची शंका बळावते. शंकाच हं, एवढ्यावर निदान ठोकून देणारा भेटला तर सरळ दुसरीकडे जा. शिक्षण, भाषा, ऐकू येणं, झोप, चालू औषधं, सगळंच बघावं लागतं. कमी शिकलेल्याला पदवीधरांच्या सरासरीशी ताडलं तर धडधाकट माणूसही आजारी ठरतो.

१९५३ साली फिट्स थांबवण्यासाठी हेन्री मोलेसन या रुग्णाच्या मेंदूतल्या दोन्ही बाजूंच्या हिप्पोकॅम्पसचा (नव्या आठवणी साठवायला लागणाऱ्या भागाचा) बराचसा तुकडा काढला आणि नवीन काही लक्षात राहणंच बंद झालं. मानसशास्त्रज्ञ ब्रेंडा मिल्नर यांनी त्यांच्यावर केलेला अभ्यास आमच्या क्षेत्राचा पाया मानतात. आजही फिट्सच्या शस्त्रक्रियेआधी स्मरणशक्ती आणि भाषा तपासायला रुग्ण आमच्याकडे येतो.

शिक्षण देशागणिक वेगळं. अमेरिकेत, या क्षेत्राच्या प्रशिक्षणासाठी भरलेल्या १९९७च्या ह्यूस्टन परिषदेने आखलेल्या वाटेने मानसशास्त्रात डॉक्टरेट, इंटर्नशिप आणि वर दोन वर्षांची रेसिडेन्सी. ही वैद्यकीय पदवी नव्हे, त्यामुळे औषधं सहसा न्यूरॉलॉजिस्टच, म्हणजे मेंदूविकारांचे डॉक्टरच देतात.

चाचण्या घेणं लवकर जमतं, अहवाल लिहिणं नाही. 'स्मृतीत मध्यम न्यूनता' वाचून घरच्यांनी करायचं काय? 'गोळ्या रोज कुणीतरी मोजून द्या, पैशांचे व्यवहार एकट्यावर सोडू नका', असं लिहिता आलं पाहिजे.