एकच चाल, दोन गाणी

प्रिय मित्रास,
अनेक उत्तम आशीर्वाद.

तुझ्या गाण्याची इंग्रजी आणि जपानी अशी दोन्ही ध्वनिमुद्रणे लक्षपूर्वक ऐकली. चाल चांगली आहे आणि इंग्रजी आवृत्तीत ती मोकळेपणाने चालते. जपानी आवृत्तीत मात्र तुझी जीभ सुरांच्या मागे धापा टाकत धावते. तू याचा दोष स्वतःच्या उच्चारांना दिला आहेस, पण माझ्या मते तो तुझ्या वहीत आहे, कारण इंग्रजीतली प्रत्येक ओळ तू अर्थाला धक्का न लावता जपानीत उतरवून काढली आहेस.

ज्यांच्यामुळे तुला एकाच चालीवर दोन भाषांत गाणे रचण्याची कल्पना सुचली त्या जपानी गायक-गीतकार हिकारू उतादा यांनी काय केले, ते एकदा शांतपणे तपासून पाहा. 'हिकारी' हे गाणे २० मार्च २००२ रोजी जपानमध्ये प्रसिद्ध झाले, त्याच महिन्यात 'किंगडम हार्ट्स' हा व्हिडिओ गेम तिथे आला, आणि सप्टेंबरमध्ये तो गेम अमेरिकेत गेला तेव्हा त्याच चालीवरची इंग्रजी आवृत्ती 'सिम्पल अँड क्लीन' या नावाने त्याच्यासोबत गेली. जपानी गाण्याच्या सुरुवातीला, नशीब विसरून एकट्याने जगत आलेले कोणीतरी मध्यरात्री अचानक आलेल्या प्रकाशात जागे होते, आणि ध्रुवपदात ते बाहेर पडण्याच्या दाराशी शांतपणे उभे राहून अंधारावर प्रकाश सोडण्याची भाषा करते. इंग्रजीत त्याच सुरांवर, दूर निघून जाणाऱ्या प्रिय माणसाला जाऊ नकोस म्हणून विनवणी आहे. एकीत धैर्य आहे, दुसरीत आर्जव, आणि तरीही ऐकणाऱ्याला चाल एकाही ठिकाणी परकी वाटत नाही.

त्याहून मला महत्त्वाचे वाटतात ते घरगुती तपशील. जपानी गाण्यात पुढे टीव्ही बंद करून फक्त माझ्याकडे पाहा, असे म्हटले आहे. इंग्रजी गाण्यात प्रेम आहे हे खरे, पण म्हणून तुझ्या वडिलांना भेटायलाच हवे का, असा थोडा खट्याळ प्रश्न आहे. दोन्ही तपशील आपापल्या गाण्यातच जन्मले आहेत, आणि त्यांची अदलाबदल केली तर दोन्ही गाणी लंगडी होतील. (जपानी गाण्याची चित्रफीतही बघ. गाणे संपेपर्यंत उतादा भांडी घासत असतात, आणि इतक्या मोठ्या आशयाच्या शब्दांना ते दृश्य विलक्षण शोभते.) न्यूयॉर्कमध्ये जन्मलेल्या आणि दोन्ही भाषा लहानपणापासून बोलणाऱ्या व्यक्तीला हुबेहूब भाषांतर करणे काही जड नव्हते, तरीही ते केले नाही, याची तू दखल घ्यावीस.

आता शब्द सुरांवर का बसत नाहीत, त्याकडे येतो. शाळेत लघु-गुरू शिकलेल्या माणसाला जपानी गाण्याचा हिशेब इंग्रजी गाणाऱ्यापेक्षा लवकर कळायला हवा, कारण ती भाषाही मात्रांनीच मोजली जाते आणि तिथे साधारणपणे एका मात्रेला एक सूर मिळतो. शब्दाच्या मधला किंवा शेवटचा स्वररहित 'न' वा 'म' तिथे स्वतंत्र मात्रा घेतो, म्हणून 'शिम्बुन' या शब्दाच्या चार मात्रा होतात. इंग्रजीत 'लव्ह' एका सुरात उरकते, तर 'आइशितेरु' म्हणायला पाच सूर लागतात. त्यामुळे तुझ्या इंग्रजी ओळीत जेवढा आशय आहे, तेवढा जपानी ओळीत मावणारच नाही, आणि तो कोंबण्यासाठी तू जे जादा सूर घातले आहेस त्यांनीच चालीचा तोल गेला आहे. एक गोष्ट खास मराठी माणसाची आहे: आपले ए आणि ओ नेहमी दीर्घ असतात, जपानीत ते ऱ्हस्वही असतात, आणि म्हणून तुझा 'कोकोरो' तीन मात्रांत न संपता सहा मात्रांपर्यंत लांबतो.

मात्रांचा हिशेब पाळूनही लय मोकळी ठेवता येते, हे उतादा यांनीच पंधराव्या वर्षी, डिसेंबर १९९८ मध्ये स्वतःच्या नावाने आलेल्या 'ऑटोमॅटिक' या पहिल्या गाण्यात दाखवले. त्याच्या पहिल्या ओळीतल्या 'नानाकाइमे' (सातव्या वेळी) या शब्दाचा पहिला 'ना' सुटा टाकला आहे आणि पुढच्या 'बेरु'ची (घंटीची) दोन शकले करून 'रु' पुढच्या तुकड्याला जोडला आहे. अर्थाच्या दृष्टीने तिथे यती नाही, तालाच्या दृष्टीने आहे, आणि अमेरिकन आर अँड बी (रिदम अँड ब्लूज) संगीत ऐकून तयार झालेल्या कानाने शब्द तिथे तोडून दाखवला आहे. असे धाडस तू जरूर कर, पण ठेक्याला त्याची गरज आहे याची खात्री झाल्यावर.

याची उलट बाजूही तुला माहीत असावी. जपानी गायक क्यू साकामोतो यांचे १९६१ चे 'उए ओ मुइते आरुको' हे गाणे 'सुकियाकी' या नावाने अमेरिकेत जपानी शब्दांसह १९६३ च्या जूनमध्ये तीन आठवडे पहिल्या क्रमांकावर होते. अश्रू ओघळू नयेत म्हणून वर पाहत चालणाऱ्या माणसाचे ते गाणे आहे, आणि १९६० च्या अमेरिका-जपान कराराविरुद्धच्या आंदोलनानंतरची निराशा त्यामागे होती, असे सांगितले जाते. 'अ टेस्ट ऑफ हनी' या अमेरिकन जोडीने त्याच चालीवर इंग्रजी शब्द बसवले तेव्हा ते हरवलेल्या प्रेमाचे गाणे झाले. १९८१ मध्ये ते गाजले, आणि गोडही आहे. पण मला विचारशील तर एकट्या माणसाचे ते चालणे त्यात उरले नाही, आणि ते नसलेले गाणे मला पुन्हा पुन्हा ऐकावेसे वाटत नाही. तेव्हा चालीवर नवे शब्द रचताना आशय बदलायला हरकत नाही, पण जी एक गोष्ट सोडायची नाही ती आधी ठरवून घे. आपल्या संगीत नाटकांच्या संहितेत पदाच्या डोक्यावर 'चाल' म्हणून दुसऱ्याच गाण्याचे नाव छापलेले असे, तेव्हा ही रीत तुला काही परकी नाही.

तुझ्या गाण्यात सोडू नये अशी गोष्ट मला रात्रीच्या शेवटच्या लोकलची वाटते. बाकी सगळे तू खुशाल टाकून दे. इंग्रजी कागद कपाटात ठेव, नुसत्या वाद्यांचे ध्वनिमुद्रण लावून आधी केवळ स्वर गुणगुण, आणि लांबवायच्या जागी 'आ'कारान्त शब्द येतात का ते पाहा, कारण 'सुकी'सारख्या शब्दातला 'उ' बोलताना जवळजवळ गळतो आणि लांब सुरावर पोकळ वाटतो. नवी जपानी आवृत्ती पुढच्या महिन्यात पाठव. तीसोबत इंग्रजी पाठवू नकोस, म्हणजे मला ती एकटीच ऐकता येईल.

तुझा,
जुना शिक्षक