सगळ्या विषयांत तेच समीकरण दिसतं, मग मी घेऊ काय?

हाय,

तुझं पत्र बरंच मोठं होतं, म्हणून बाकीच्यांसाठी आधी थोडक्यात सांगतो. तू डिग्रीच्या दुसऱ्या वर्षाला, फिजिक्स आणि मॅथ्स. स्प्रिंगला टांगलेल्या वजनाचं आणि सर्किटचं समीकरण एकच निघालं तेव्हापासून तुला जिथे तिथे तेच दिसायला लागलंय, मैत्रिणीच्या इकॉनॉमिक्सच्या नोट्समध्ये शिकारी-भक्ष्याचं मॉडेल (भक्ष्य वाढलं की शिकारी वाढतात, मग भक्ष्य घटतं आणि शिकारीही, असं चक्र) सापडलं, मग तू सेमिनारला "समाजाची एन्ट्रॉपी" (एन्ट्रॉपी म्हणजे फिजिक्समधलं विस्कळीतपणाचं माप) असा विषय घेतलास आणि मॅडम म्हणाल्या ही कविता झाली, फिजिक्स नाही. घरी आई म्हणते एक काहीतरी धर. तुझा प्रश्न असा की ही साम्यं दिसणं म्हणजे टॅलेंट आहे की नुसता टाइमपास, आणि मास्टर्स कशात करू, फिजिक्स, इकॉनॉमिक्स की कॉग्निटिव्ह सायन्स, म्हणजे मन विचार कसा करतं याचं शास्त्र.

मॅडम बरोबर आहेत. पण स्प्रिंगच्या बाबतीत तूही बरोबर आहेस, आणि या दोन्हीत फरक काय ते तुला एकदा नीट कळलं की करिअरचा अर्धा प्रश्न सुटेल असं मला वाटतं.

स्प्रिंग आणि सर्किटमध्ये प्रत्येक गोष्टीला जोडीदार आहे. वस्तुमानाला इंडक्टन्स, घर्षणाला रेझिस्टन्स, स्प्रिंगच्या कडकपणाला कपॅसिटन्सचा व्यस्त, सरकण्याला चार्ज. जोड्या लावल्या की इकडचं उत्तर तिकडे जसंच्या तसं चालतं, म्हणून तर अॅनालॉग कॉम्प्युटरच्या काळात इंजिनिअर लोक यंत्राची थरथर अभ्यासायला सरळ सर्किट जोडायचे आणि व्होल्टेज मोजायचे. आता तुझी समाजाची एन्ट्रॉपी घे. तापमान कुठंय? अवस्था कुठल्या, त्या मोजायच्या कशा? जोडीदारच नाहीत. फक्त "सगळं विस्कळीत होत चाललंय" एवढी भावना आहे, ती खरी असेलही पण तिच्यावर गणित करता येत नाही.

गंमत म्हणजे तोच विषय वाचवता आला असता. इकॉलॉजीवाले एखाद्या जंगलात प्रजाती किती आणि कुठल्या प्रमाणात आहेत ते घेऊन माहितीशास्त्राचा पाया घालणाऱ्या क्लॉड शॅननचं १९४८चं एन्ट्रॉपीचंच सूत्र लावतात आणि विविधतेचा आकडा काढतात. तिथे प्रत्येक चिन्ह म्हणजे काय हे ठरलेलं आहे. पण कोणी असं म्हणत नाही की जंगलाचा हा आकडा नियमाने वाढतच जाणार, म्हणजे सूत्र उचललं आणि बंद व्यवस्थेत एन्ट्रॉपी घटत नाही हा थर्मोडायनॅमिक्सचा दुसरा नियम तिथेच ठेवला. काय उचलायचं नाही हे ठरवणं, मला विचारशील तर, या सगळ्यातलं मुख्य कौशल्य तेच आहे.

विल्यम थॉमसन, पुढचा लॉर्ड केल्विन, याने १८४२ मध्ये उष्णतेचा प्रवाह आणि स्थिर विद्युत यांचं गणित एकच आहे हे दाखवलं तेव्हा तो फक्त १७ वर्षांचा होता, तापमानाच्या जागी पोटेन्शियल, उष्णतेच्या उगमाच्या जागी चार्ज. मॅक्सवेलने १८५०च्या दशकात तीच युक्ती पुढे नेली, फॅरडेच्या बलरेषा म्हणजे जणू न दाबला जाणारा द्रव वाहतोय असं धरलं, आणि हा द्रव काल्पनिक आहे, वीज म्हणजे द्रव असं मी म्हणत नाहीये, हेही तिथेच स्पष्ट लिहिलं. पत्रात तू उत्साहाच्या भरात नेमकी हीच ओळ गाळतेस बघ.

आणि आता उलटं उदाहरण, जे मला फार आवडतं. युरेनस गणिताप्रमाणे चालत नव्हता, तेव्हा ल व्हेरिए या फ्रेंच खगोलशास्त्रज्ञाने हिशोब केला की पलीकडे एखादा न दिसलेला ग्रह त्याला ओढत असणार, आणि १८४६ मध्ये बर्लिनच्या वेधशाळेत गालेने पहिल्याच रात्री सांगितलेल्या जागेपासून एका अंशाच्या आत नेपच्यून शोधून काढला. मग बुधाची कक्षा हिशोबात बसेना. ल व्हेरिएने १८५९ मध्ये तेच डोकं चालवलं, आतल्या बाजूला एखादा ग्रह असणार, त्याला व्हल्कन नावही मिळालं, काहींनी तर तो पाहिल्याचा दावाही केला. पण व्हल्कन नव्हताच. शतकाला ४३ आर्कसेकंद (एका अंशाचे ३६०० भाग केले तर त्यातला एक म्हणजे आर्कसेकंद) एवढा जो फरक उरत होता तो १९१५ मध्ये आइनस्टाइनच्या सापेक्षतावादाने सुटला, म्हणजे इथे ग्रह नाही, नियमच बदलावा लागला. माणूस तोच, युक्तिवादाचा साचा तोच, गणितही पक्कं, एकदा ग्रह मिळाला आणि एकदा मिळाला नाही. साम्य तुला कुठे शोधायचं ते सांगतं, तिथे काय सापडेल याची गॅरंटी देत नाही. ती द्यायला दुर्बीण लागते, आणि दुर्बीण ज्या त्या विषयाची वेगळी असते.

तुझं शिकारी-भक्ष्याचं मॉडेल पण असंच. व्होल्तेरा या इटालियन गणितज्ञाने १९२६ मध्ये एड्रियाटिक समुद्रातल्या माशांसाठी ते मांडलं, गुडविन या अर्थशास्त्रज्ञाने १९६७ मध्ये तेच समीकरण रोजगार आणि मजुरीच्या वाट्याला लावलं, रोजगार म्हणजे भक्ष्य आणि मजुरीचा वाटा म्हणजे शिकारी. सुंदर आहे, वाद नाही. पण खऱ्या अर्थव्यवस्थेतले आकडे त्या वर्तुळात फिरतात का हे बघायला रोजगाराचा डेटा कसा गोळा होतो, मजुरीत काय धरतात, काय सोडतात, हे माहीत पाहिजे, आणि ते समीकरण बघून कळत नाही.

टॅलेंट की टाइमपास, तर टॅलेंट. गिक आणि होलिओक या मानसशास्त्रज्ञांचा १९८० चा प्रयोग आहे, लोकांना आधी एक गोष्ट वाचायला दिली, किल्ल्यावर सैन्य वेगवेगळ्या रस्त्यांनी छोट्या तुकड्यांत पाठवतात ती, आणि मग ट्यूमरवर किरणांनी उपचार करायचा पण आजूबाजूचा निरोगी भाग जाळायचा नाही असं कोडं घातलं. गोष्ट वाचूनही बहुतेकांना आपलंआपण सुचलं नाही, आणि "ती गोष्ट वापरून बघा" एवढा इशारा दिल्यावर मात्र बहुतेकांना जमलं. म्हणजे जोडी लावणं तितकं अवघड नाही, जोडी आहे हे न सांगता दिसणं दुर्मीळ आहे, आणि ते तुला दिसतं. पण नुसतं दिसण्याचे पैसे कोणी देत नाही, हेही ऐकून ठेव.

फायनान्सचंच बघ. ऑप्शनची, म्हणजे ठरलेल्या भावात शेअर घेण्या-विकण्याच्या हक्काची, किंमत काढणारं १९७३ चं ब्लॅक-शोल्सचं समीकरण चलं बदलली की उष्णतेचंच समीकरण होतं, हे बघून फिजिक्सची मुलं खूश होतात, आता तिथे आपलंच राज्य. पण त्यात चढउताराचं प्रमाण स्थिर धरलेलं आहे आणि किंमत अचानक उडी मारत नाही असं धरलेलं आहे, आणि ऑक्टोबर १९८७ मध्ये शेअर बाजार एका दिवसात कोसळला तेव्हा बाजाराने ते मानायचं नाकारलं. त्या क्षेत्रात पगार मिळतो तो समीकरण कुठे फाटतं हे ज्याला माहीत आहे त्याला.

म्हणून माझं मत, मास्टर्स फिजिक्स किंवा अप्लाइड मॅथ्समध्येच कर, एकात पूर्ण खोल जा. इकॉनॉमिक्स तुला खरंच आवडतंय की त्यातलं समीकरण आवडतंय हे आधी तपास, सोपी टेस्ट आहे, ज्यात एकही समीकरण नाही असं बेकारीवरचं एक प्रकरण वाच, कंटाळा आला तर उत्तर मिळालं. कॉग्निटिव्ह सायन्स वेगळी गोष्ट आहे, तिथे साम्य कसं दिसतं हाच अभ्यासाचा विषय, मानसशास्त्रज्ञ गेन्टनर यांचं १९८३ पासूनचं काम त्यावरच आहे, ते आवडलं तर मास्टर्सनंतर पीएचडीला जाता येईल, मॅथ्स पक्कं असलेली मुलं त्यांना हवीच असतात. कंट्रोल इंजिनिअरिंग, साथरोगांचं मॉडेलिंग, क्वांट फायनान्स (गणिताने बाजाराचे हिशोब करणं), हे रस्तेही उघडेच राहतात.

तोवर एक सवय लाव. साम्य दिसलं की वहीत तीन रकाने कर, पहिल्यात जुळतं ते, दुसऱ्यात जुळत नाही ते, तिसऱ्यात अजून माहीत नाही ते. ही वाटणी मेरी हेसी या तत्त्वज्ञ बाईंची, त्यांचं उदाहरण वायूचे रेणू आणि बिलियर्डचे चेंडू, वेग आणि टक्कर जुळते, चेंडूचा रंग जुळत नाही, आणि उरलेल्यात संशोधन. तुझा दुसरा रकाना रिकामा राहिला तर समज अजून विषय वाचलेला नाहीस. मुलाखतीला कोणी तुझ्या प्रोजेक्टबद्दल विचारलं तर आधी दुसरा रकाना सांग, आणि समोर इकॉनॉमिक्सवाले असतील तर "हे तर आमच्याकडे केव्हाच सुटलंय" असं चुकूनही बोलू नकोस, त्यांनी ते फिजिक्सवाल्यांकडून खूपदा ऐकलेलं असतं.

शेवटी इलेक्टिव्हचं विचारलंस, गेम थिअरी की फिलॉसॉफी डिपार्टमेंटचं लॉजिक. लॉजिक घे. क्लॉड शॅननकडे इलेक्ट्रिकल इंजिनिअरिंग आणि मॅथ्स अशा दोन डिग्र्या होत्या, पण बूलचं बीजगणित, म्हणजे खरं-खोटं यांचं गणित, त्याला भेटलं ते फिलॉसॉफीच्या वर्गात, आणि १९३७ मध्ये मास्टर्सच्या थीसिसमध्ये त्याने ते रिलेच्या, म्हणजे विजेने चालू-बंद होणाऱ्या, स्विचना लावलं. गेम थिअरी तुझ्या मॅथ्सवर तू सुट्टीत स्वतःही वाचू शकशील, लॉजिकला मात्र चुका काढणारं कोणीतरी समोर लागतं.