प्रेसनोटला हात वर करण्याआधी

अरे, आपल्या आयईईई या स्टँडर्ड ठरवणाऱ्या संस्थेत ८०२.११बीएनच्या, म्हणजे वाय-फायच्या पुढच्या स्टँडर्डच्या, प्रेसनोटवर पहिल्यांदा मत देतोयस ना, मग घाई करू नकोस. आधी क्रियापद बघ, "मंजूर झालं" लिहिलंय की "काम चालू आहे", कारण ड्राफ्ट म्हणजे स्टँडर्ड नव्हे आणि बाहेरचे लोक हेडलाइनच वाचतात. ८०२.११एन हे जुनं वाय-फाय स्टँडर्ड आठव, ड्राफ्टवरच वाय-फाय अलायन्सने, म्हणजे कंपन्यांच्या संघटनेने, २००७ ला उपकरणांचं सर्टिफिकेशन सुरू केलं, फायनल मंजुरी आली २००९ च्या सप्टेंबरात, तोपर्यंत दुकानात "ड्राफ्ट एन" राउटर धडाधड विकले गेले! ८०२.११बीएनचं "वाय-फाय ८" हे नावही आपलं नाही, अलायन्सचं, आपल्या नोटमध्ये नंबरच हवा. स्पीडचा आकडा दिसला तर तो प्रत्यक्षातला की कागदावरचा हे विचारच, कंपनीवाले हळूच घुसवतात. आणि तारीख असेल तर "अपेक्षित" शब्द टाकायला लाव.